प्रोस्टेटची सोनोग्राफी: पोटावरून की गुदमार्गातून?

साठीनंतर रात्रीतून चार-चार वेळा उठावं लागतं, लघवीची धार बारीक होते, आणि डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतात. चिठ्ठीवर 'केयूबी, प्रोस्टेट, पीव्हीआर' असेल तर ती पोटावरून करायची. केयूबी म्हणजे मूत्रपिंड, मूत्रवाहिन्या आणि मूत्राशय; प्रोस्टेट ही पुरुषांची मूत्राशयाखालची ग्रंथी; पीव्हीआर म्हणजे लघवीनंतर मूत्राशयात उरलेली लघवी. 'ट्रस' लिहिलं असेल तर प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राची दांडी, गुदमार्गातून जातो.

तक्रार फक्त लघवीची असेल तर आधी पोटावरचीच करावी, असं माझं ठाम मत आहे. मूत्रपिंड, मूत्राशय, खडे आणि प्रोस्टेटचा आकार एकाच वेळी दिसतो. निरोगी प्रोस्टेट साधारण २० ते २५ मिलीची असते. पण ४० किंवा ६० हा आकडा वाचून घाबरू नका. मोठी ग्रंथी असून त्रास नसलेली माणसंही असतात. लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती उरते, हे जास्त महत्त्वाचं.

पोटावरच्या तपासणीत खरा त्रास असतो तो मूत्राशय भरलेलं ठेवण्याचा. गडहिंग्लज किंवा राधानगरीहून एसटीनं येणाऱ्यांनी घरातूनच तांब्याभर पाणी पिऊन निघू नये. कोल्हापुरात सेंटरवर पोचून नंबर लावा, मग पाणी प्या. लघवीची भावना झाली की लगेच सांगा. फार वेळ दाबून धरली की मूत्राशय ताणलं जातं, नीट रिकामं होत नाही आणि शिल्लक लघवी उगाच जास्त दिसते. लघवी अडण्याचा त्रास आधीच असेल, तर किती पाणी प्यायचं हे डॉक्टरांनाच विचारा.

ट्रसला माणसं लाजेपायी नकार देतात, याचं मला फार वाईट वाटतं. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. बोटाएवढ्या जाडीच्या प्रोबला आवरण आणि जेली लावलेली असते. दाब जाणवतो, अवघडल्यासारखं होतं, पण सहसा काही मिनिटांत उरकतं. त्याआधी पोट साफ हवं. काही ठिकाणी एनिमा देतात. प्रोस्टेट गुदाशयाला लागूनच असल्यानं चित्र पोटावरच्यापेक्षा स्पष्ट येतं. बायोप्सीत सुई नेमकी न्यायलाही हीच सोनोग्राफी लागते. बायोप्सी असेल तर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आधीच सांगा. त्या आपल्या मनानं बंद करू नका.

पण यातली कुठलीही सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे कॅन्सर नाही, असं धरू नका. त्यासाठी पीएसए ही रक्ततपासणी, डॉक्टरांची गुदमार्गातून बोटानं तपासणी आणि गरज पडली तर एमआरआय असते. पीएसएचं रक्त ट्रसच्या आधी द्या.

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जा नाहीतर राजारामपुरीतल्या खासगी सेंटरला, रिपोर्ट हातात आला की लघवीनंतरची शिल्लक मिलीत लिहिली आहे का ते तिथंच बघा. तो आकडा नसेल तर डॉक्टर पुन्हा पाठवतील आणि गावाहून दुसरी खेप पडेल.