वाघोलीतला फ्लॅट, १४ महिने राहिल्यानंतर

जून २०२४ ला ताबा मिळाला, आता दोन पावसाळे आणि एक उन्हाळा काढून झालाय म्हणून लिहितोय. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच केलं असतं, नवीन घराच्या आनंदात तेव्हा काही दिसतच नाही. टू बीएचके, सातवा मजला, २६४ फ्लॅटची सोसायटी. पुण्यात नगर रोडच्या बाजूला घर बघणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगाला येईल म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी पाणी. बुकिंगच्या वेळी सेल्सवाला म्हणाला होता की वाघोली आता पुणे महापालिकेत आलीय (हे खरंय, २०२१ ला २३ गावं घेतली त्यात आली), कॉर्पोरेशनचं पाणी काय आज ना उद्या येणारच. आमच्या सोसायटीत ते अजून आलेलं नाही. बोअरला पाणी आहे पण एप्रिलच्या मध्यावर ते आटतं, मग सगळं टँकरवर. हिशोब साधा आहे, माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात, घरटी चार माणसं, म्हणजे २६४ घरांना दिवसाला १ लाख ४० हजार लिटरच्या वर पाणी, १० हजार लिटरचे चौदा टँकर. मे महिन्यात पहाटे पाचपासून गेटवर टँकरचा आवाज सुरू होतो तो दुपारपर्यंत. त्या महिन्यात आम्हाला घरटी १,७०० रुपये जास्तीचे आले, मेंटेनन्स सोडून. बिल्डर महापालिकेला हमीपत्र देतो की तुमचं पाणी येईपर्यंत मी पुरवीन, आणि आम्ही त्याच भरवशावर होतो, पण आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये आतल्या एका पानावर एक ओळ आहे की टँकरचा खर्च फ्लॅटधारकांनी वाटून घ्यायचा. सही आमचीच आहे. म्हणून सांगतो, साइट बघायला दिवाळीत जाऊ नका, मे महिन्यात जा, आणि शेजारच्या राहत्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा रोज किती टँकर येतात. तो खरं सांगतो, त्याला काही विकायचं नसतं. बोअरच्या पाण्याने गीझरची कॉइल सहा महिन्यांत पांढरी होते, सॉफ्टनर आहे का तेही विचारा.

दुसरं, कारपेट, म्हणजे घराच्या आतलं वापरायचं क्षेत्रफळ. ब्रोशरवर ७२० स्क्वेअर फूट होतं, "युजेबल कारपेट" असा शब्द वापरलेला. अ‍ॅग्रीमेंटमध्ये रेरा (घर घेणाऱ्यांसाठीचा कायदा) कारपेट ६३५, बाल्कनी ५२, ड्राय बाल्कनी ३३. बेरीज ७२० च येते, खोटं काही नाही, पण रेराच्या कारपेटमध्ये बाल्कनी धरतच नाहीत आणि आम्ही दोन प्रोजेक्टची तुलना करताना एकाचं ७२० आणि दुसऱ्याचं ६६० घेऊन बसलो होतो, तो ६६० वाला नुसतं रेरा कारपेट सांगत होता. म्हणजे मोठं घर आम्ही लहान समजून सोडलं. अजून एक, त्या ६३५ मध्ये आतल्या भिंतींची जाडीही येते, त्यामुळे टेपने खोल्या मोजून बेरीज केली तर कमीच भरणार. महारेराच्या (रेरा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की मंजूर नकाशे, ताब्याची तारीख, प्रोजेक्टवर कुठलं कर्ज आहे हे सगळं दिसतं. एक रात्र जागून वाचा पण वाचा.

पार्किंगचं मला अजूनही वाईट वाटतं. २०२२ च्या आमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये फक्त "एक कव्हर्ड पार्किंग" एवढंच आहे, नंबर नाही, माप नाही. ताब्याच्या वेळी चिठ्ठ्या टाकून वाटप झालं, आमच्या वाट्याला आलेली जागा दोन कॉलमच्या मध्ये. गाडी जाते, पण डावीकडचं दार वीतभर उघडतं आणि कॉलमला लागतं. अण्णांचे गुडघे गेलेत, त्यांना बाहेरच रॅम्पवर उतरवावं लागतं, पावसात एकाने छत्री धरायची, एकाने हात द्यायचा, आणि मागे लोक हॉर्न वाजवतात. २०२४ मध्ये महारेराने सांगितलं की कव्हर्ड पार्किंगची लांबी, रुंदी, उंची, नेमकी जागा हे सगळं करारालाच जोडा. आता घेणाऱ्यांनी त्या जोडपत्राशिवाय सही करू नका आणि जमलं तर स्वतःची गाडी तिथे लावून दारं उघडून बघा. ओपन पार्किंगचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका, ती बिल्डरला विकताच येत नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही नीट केली. मार्चमध्ये बिल्डर म्हणाला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) यायची आहे पण "फिट-आउट पझेशन" घ्या, फर्निचर सुरू करा. घरी सगळ्यांना घाई, भाडं आणि ईएमआय दोन्ही चालू, पण बायको अडून बसली की भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय किल्ली नको. तीन महिने ओढाताण झाली. ज्यांनी मार्चमध्येच घेतलं त्यांच्या अर्ध्या भिंतींना खिळे ठोकून झालेले, मग पुढे कुठलीही तक्रार केली की "हे तुमच्या सुताराने केलंय" असं ऐकावं लागलं. तसंच सुरुवातीला बुकिंगला २० टक्के मागत होते, कायद्याने करार नोंदवायच्या आधी १० टक्क्यांच्या वर घेता येत नाही हे बोलून दाखवल्यावर लगेच गप्प झाले.

ताबा घेताना पाच रुपयांचं नाणं घेऊन प्रत्येक फरशी वाजवली. नीट बसलेली फरशी टक् असा भरीव आवाज करते, पोकळ असेल तर डबडब वाजते. हॉलमध्ये अकरा निघाल्या, खडूने फुल्या केल्या, फोटो काढले, त्यांनी बदलून दिल्या. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातंय का बघा, आमचं दाराकडे येत होतं.

जुलैत बेडरूमच्या खिडकीखाली ओल आली. सुपरवायझर दोनदा येऊन पुट्टी आणि रंग मारून गेला, परत आली. मग मेल केला, फोटोसकट, की ताब्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामातला दोष रेराप्रमाणे ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो. तीन आठवड्यांत बाहेरून झोपाळा लावून सील केलं, या पावसाळ्यात भिंत कोरडी आहे. फोनवर बोललेलं कुठेच धरलं जात नाही, लेखीच द्या.

पैशांचं थोडक्यात: ६२ लाखांवर जीएसटी ५ टक्के, स्टॅम्प ड्यूटी ७ टक्के, रजिस्ट्रेशन ३० हजार, असे पावणेआठ लाख. फक्त बायकोच्या नावावर घेतलं असतं तर स्टॅम्प ड्यूटीत १ टक्का सूट होती, जॉइंट नावाला मिळत नाही. राहायला आल्यावर महापालिकेत पीटी-३ फॉर्म भरा, स्वतः राहत असाल तर प्रॉपर्टी टॅक्समध्ये ४० टक्के सवलत मिळते.

घर म्हणून आवडलंय. वारा भरपूर, सकाळचं ऊन देवघरापर्यंत येतं, मुलीला खेळायला मैदान आणि बरोबरीच्या मैत्रिणी मिळाल्या. सोसायटी रजिस्टर झालीय, कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं) बाकी आहे, त्यासाठी दर रविवारी मीटिंग चालू आहेत. ते झालं की त्याचंही लिहितो.