कणकण अंगात असताना माटुंग्याचं रसम

मुंबईत फिरताना सोबतचं कोणी आजारी पडलं असेल आणि त्याच्या पोटात नीट काही घालायचं असेल, तर मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला उतरा. पूर्वेला बाहेर आलात की समोरच्या मार्केटच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग ही खानावळ आहे. १९४२ सालचं. त्याच्या सांबाराबद्दल आणि गर्दीबद्दल लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय. मला सांगायचंय ते वेगळं आहे. सर्दीने तोंडाची चव पार गेलेली असताना, दीड दिवस धड काही पोटात नसताना, मी तिथे पोटभर जेवले.

यंदा २६ जानेवारी सोमवारी आला. शनिवार-रविवारला जोडून सुट्टी, म्हणून मैत्रिणीने नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटं कधीच काढून ठेवली होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी माझा घसा खवखवायला लागला. ताप नव्हता, म्हणून मास्क लावून निघाले. इगतपुरी सोडून गाडी घाट उतरायला लागली तसे दोन्ही कानांना दडे बसले, ते कसारा गेलं, कल्याण गेलं तरी सुटले नाहीत. मैत्रीण काहीतरी सांगत होती आणि मला तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. दादरला उतरेपर्यंत अंगात कणकण भरली होती.

घारापुरीचा बेत तिने तिथेच फलाटावर रद्द केला. "अगं, लाँचचा तासभर वारा, वर त्या सव्वाशे पायऱ्या. काही नको." मला वाईट वाटलं, कारण लेणी तिने पाहिलेली नव्हती आणि तिच्यासाठीच तो बेत होता. त्याऐवजी दुपारी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलो. ती लघुचित्रांच्या दालनात रमली आणि मी खाली घुमटाखालच्या थंडाव्यात बसून राहिले. ही इमारत बांधून झाल्यावर पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी रुग्णालय होतं. संग्रहालय म्हणून ती लोकांना खुली झाली १० जानेवारी १९२२ ला. अंगात कणकण असताना तिथे बसलं की ही गोष्ट नुसती माहिती राहत नाही. ती उंच छतं, खेळती हवा, जाड दगडी भिंती... इथे खाटा मांडल्या असतील तर पडून राहणाऱ्याला बरं वाटलं असेल, असं मला मनापासून वाटलं.

रात्र मात्र वाईट गेली. दादरला ज्या लॉजवर उतरलो होतो तिथे प्यायला गरम पाणी मागितलं तर "किचन बंद झालं" एवढंच उत्तर. मैत्रीण खाली जाऊन चहाच्या टपरीवरून थर्मास भरून घेऊन आली. त्याआधी जवळच्याच एका हॉटेलात आम्ही साधी मऊ खिचडी मागितली होती. "तिखट नको, आजारी आहे" असं तिने वेटरला दोनदा सांगितलं. आली ती वरून लाल तर्री सोडलेली, लसणाच्या फोडणीची. दोन घास घेतले आणि घसा पेटला. तक्रार चवीची नाही, चव मला कळतच नव्हती. पण "आजारी आहे" हे शब्द ऐकून ज्याच्या हातात काही बदलत नाही, तिथे पुन्हा पाऊल टाकू नये.

रविवारी सकाळी मैत्रीण म्हणाली, "आज फक्त माटुंगा. चालवेल तेवढं चालू, नाहीतर परत येऊ." दादरहून लोकलने एकच स्टेशन. माटुंगा हे तेच स्टेशन, जिथे जुलै २०१७ पासून सगळा कारभार महिला कर्मचाऱ्यांकडे आहे. २०१८ च्या ‘लिम्का बुक ऑफ रेकॉर्ड्‌स’मध्ये त्याची नोंद झाली. तिकीट खिडकीवरच्या बाईंना मैत्रिणीने बोर्डिंगचा रस्ता विचारला, तर त्यांनी माझ्या मास्ककडे बघून आधी जिन्याचं सांगितलं: वर चढून जायचंय, सावकाश जा.

जिना आहे हे खरं, आणि ज्याला धाप लागते त्याने ते आधी धरून चालावं. रविवार होता, त्यामुळे आमच्या आधी बरीच मंडळी थांबलेली. लुंगीतले आजोबा, कॉलेजची मुलं, गुजराती कुटुंबं, तान्हं बाळ घेतलेली एक बाई. नंबर येईपर्यंत मैत्रिणीने मला बाकावर बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

आत गेल्यावर आम्ही अमर्याद जेवणाचं केळीचं पान घेतलं. पानावर पाणी शिंपडून हात फिरवला आणि वाढप सुरू झालं. कोशिंबीर, लोणचं, दोन भाज्या, पापड, पुऱ्या. वाढणारे हात भराभर चालतात, पण पानावर काय पडतंय याकडे त्यांचं लक्ष असतं. आमच्या ओळीला वाढणारे अण्णा साठीच्या पुढचे असावेत. मी पुरी नको म्हटलं, लोणचं नको म्हटलं, तसे ते थांबले.

"ताई, बरं नाही काय?"

"सर्दी झालीय. चव लागत नाही कशाची."

"मग भात आणि रसम. बाकी नंतर."

आणि खरंच, बाकीचं सगळं मागे ठेवून त्यांनी आधी गरम भाताची लहान मूद वाढली, मध्ये खळगा केला आणि त्यात रसम ओतलं. एका वाटीतही वेगळं दिलं. "हे प्यायचं. हळू."

वाटी हातात धरवत नव्हती इतकी तापलेली होती. वर पातळ तांबूस पाणी, खाली डाळीचा गाळ बसलेला, कढीपत्त्याची दोन पानं आणि कडेला चिकटलेले भरड मिऱ्याचे काळे कण. मास्क खाली करून मी नुसती वाफ घेतली. वास काहीच आला नाही. हिंग असणार, कोथिंबीर असणार, नाकाला पत्ताच नव्हता. मग घोट घेतला. आणि चव लागली! आंबट लागलं, खारट लागलं, आणि घशाच्या मागच्या बाजूला मिऱ्याची धग पोचली.

यामागचं कारण सरळ आहे. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाचा असतो. नाक चोंदलं की वरणाला तुपाचा, भाजीला मसाल्याचा स्वाद राहत नाही, सगळं सपक लागतं. पण आंबट आणि खारट जिभेलाच कळतं, त्यासाठी नाक लागत नाही. मिरीचा तिखटपणा तर चव नसून जळजळ आहे, ती वेगळ्या शिरांवाटे मेंदूला कळते. रसमचं सगळं बळ चिंच, मीठ आणि मिरी या तिघांवर उभं आहे, म्हणून सर्दीतही ते आपल्यापर्यंत पोचतं. वर ते पातळ आणि गरम, म्हणजे घशाला शेक आणि नाकाला वाफ एकाच घोटात. आपल्याकडे आजाऱ्याला आमसुलाचं सार देतात ते याच जातीचं, पण त्यात मिऱ्याची अशी धग क्वचितच असते.

तिसऱ्या वाटीपर्यंत कपाळावर घाम आला होता आणि एका कानाचा दडा फट्‌कन सुटला. पहिल्यांदा ऐकू आला तो शेजारच्या पंगतीतला भांड्यांचा खणखणाट. मैत्रीण माझ्याकडे बघून हसत होती. तिचं जेवण एव्हाना सांबारापर्यंत आलं होतं आणि ती म्हणाली, "आता तरी माझं ऐकू येतंय ना?"

अण्णा परत आले. पान बघितलं. भात संपलेला पाहून पुन्हा थोडा वाढला, या वेळी ताक घालून, मीठ आपणहून कमी. दही मागितलं असतं तर मिळालं असतं, पण त्यांनी ताकच दिलं आणि मला ते पटलं. गोड मात्र मी नको म्हटलं तरी चमचाभर वाढून गेले. कोणी माझ्यामागे घाई केली नाही. बाहेर लोक ताटकळत असताना हे सोपं नसतं. तरी एक सांगते, जेवून झाल्यावर गप्पा मारत बसण्याची ही जागा नव्हे. पान उचललं की उठावं, जिन्यावर कोणीतरी उपाशी उभं आहे.

उडुपीच्या कृष्णमठाच्या परंपरेतल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसतो. आदल्या रात्रीच्या त्या लसणाच्या फोडणीनंतर हे स्वच्छ, हलकं अन्न पोटाला किती मानवलं हे शब्दांत सांगणं कठीण आहे. दुपारभर ना जळजळ, ना जडपणा.

खाली उतरल्यावर पाय भरून आले नव्हते, म्हणून भंडारकर रोडच्या बाजूने फुलांच्या गल्लीतून किंग्ज सर्कलकडे निघालो. मोगऱ्याचे गजरे, केळीच्या पानांच्या गुंडाळ्या, नारळ, तेवढ्या अंतरात सगळं. तिथून रमतगमत पाच बाग, म्हणजे फाइव्ह गार्डन्स. माटुंग्याचे हे रुंद रस्ते आणि झाडांच्या दुतर्फा रांगा आपोआप झालेल्या नाहीत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळींत, अरुंद गल्ल्यांत माणसं मेली. त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात हवा-उजेड येईल अशा वसाहती आखल्या. बागा ठेवल्या, इमारतींमध्ये अंतर ठेवलं. शेजारच्या पारशी कॉलनीसाठी याच ट्रस्टमधले अभियंता मंचेरजी जोशी झटले. आजाराच्या भीतीतून आखलेल्या या वस्तीत एक आजारी बाई दुपारी सावलीच्या बाकावर निवांत बसू शकते, हे मला फार मोलाचं वाटलं. मुंबईत बसायला फुकट, स्वच्छ, सावलीची जागा मिळणं किती अवघड आहे हे आदल्या दिवशी आम्ही पुरेपूर अनुभवलं होतं. मी तिथे तासभर झोपले, मैत्रिणीच्या ओढणीची घडी डोक्याखाली घेऊन. कोणी उठवलं नाही.

परत येताना तिने म्हैसूर कन्सर्न्समधून ताजी दळलेली कॉफी घेतली. रांगेत उभी असताना तिला वास येत होता, मला अजून नाही, पण पुडीची ऊब हाताला कळली. स्टेशनसमोरच्या रामाश्रयमध्ये संध्याकाळी पुन्हा रसमच प्यायले, तिने अननसाचा शिरा खाल्ला. शिऱ्याला हात लावायचा मोह झाला नाही, कारण नुसतं गोड लागलं असतं आणि त्या शिऱ्याचा अपमान झाला असता. बऱ्या अंगाने येऊन खायचा आहे.

सोमवारी सकाळी शिवाजी पार्कला संचलन, त्यामुळे दादरच्या पश्चिमेला रस्ते अडवलेले आणि गर्दी. आम्ही खोलीवरच थांबलो. माझं अंग हलकं झालं होतं, आवाज बसलेलाच होता. संध्याकाळच्या पंचवटीने परत.

आता जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी. सुट्टीच्या दिवशी बारा वाजायच्या आत पोचा. एकनंतर आजारी माणसाला उभं ठेवावं लागेल. सोबत कोणी धडधाकट असेल तर त्याने आधी वर जाऊन नंबर लावावा आणि आजाऱ्याला खाली सावलीत बसवावं, नंबर जवळ आला की मग जिना. खोकला जोरात असेल किंवा ताप असेल तर पंगतीत बसू नका, शेजारी म्हातारी माणसं आणि लहान मुलं जेवत असतात. त्यापेक्षा सोबत्याला पाठवून खोलीवर काहीतरी मऊ मागवा. आमच्यासारखी नुसती सर्दी असेल तर मास्क फक्त जेवताना काढा आणि भिंतीकडची जागा मागा. आणि वाढणाऱ्या अण्णांना पहिल्याच फेरीला स्वच्छ सांगा, बरं नाही, आधी रसम द्या, वाटीत.