उत्पादन, गुणवत्ता की नवे पदार्थ: खाद्य-पेय उद्योगात विभाग निवडताना

खाद्यपदार्थ किंवा पेये तयार करणाऱ्या कारखान्यात नोकरी शोधणाऱ्या पदवीधरापुढे मुख्यतः तीन विभाग असतात: उत्पादन, गुणवत्ता आणि नव्या पदार्थांचा विकास. अन्नतंत्रज्ञान, रसायनशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्यांना तिन्हीकडे वाव असल्यामुळे केवळ पदवीवरून निवड करता येत नाही. माझ्या मते, निर्णय घ्यायला किती अवधी मिळतो आणि तो चुकला तर कधी कळते, यावरून या विभागांची तुलना करावी.

उत्पादन विभागात हा अवधी मिनिटांचा असतो. दुधाच्या पाश्चरायझेशनचे, म्हणजे रोगजंतू मारण्यासाठी दूध तापवण्याचे, उदाहरण घेऊ. दूध किमान 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद राहिले पाहिजे. तापमान त्याखाली गेले की झडप ते दूध आपोआप मागे वळवते. परंतु वाफेचा दाब कमी झाला, तापक पट्ट्यांवर थर साचला की तापमापकच बिघडला, हे पर्यवेक्षकाला तिथेच उभे राहून ठरवावे लागते आणि तोवर पुढचे भरणी यंत्र थांबलेले असते. पाळ्या बदलतात, रात्री जागाव्या लागतात, कामगारांशी बोलण्याची हातोटी लागते. मात्र चूक लगेच दिसते आणि त्यामुळे शिकणेही वेगाने होते. पुढे कारखान्याचा प्रमुख व्हायचे असेल, तर हा अनुभव टाळून चालत नाही.

गुणवत्ता विभाग म्हणजे प्रयोगशाळेत बसून नमुने तपासणे, असा समज सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. सूक्ष्मजीवांची वाढ पाहण्याच्या पारंपरिक चाचण्यांचा निकाल यायला काही दिवस लागतात, आणि शिवाय जो नमुना तपासला तो नष्ट होतो. 1960च्या दशकात अमेरिकेत अंतराळवीरांसाठी अन्न तयार करताना नासा आणि पिल्सबरी कंपनीपुढे हीच अडचण आली: तयार माल तपासूनच खात्री करायची म्हटली, तर बॅचचा मोठा भाग चाचण्यांतच खर्ची पडला असता. त्यातून, धोका प्रक्रियेच्या ज्या टप्प्यावर रोखता येतो त्या टप्प्यावरच लक्ष ठेवण्याची एचएसीसीपी ही पद्धत उभी राहिली, आणि कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने 1993मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. म्हणून या विभागातला बराच वेळ नोंदी वाचण्यात जातो. सामू (पीएच) 4.6पेक्षा जास्त, म्हणजे आम्लता कमी असलेला पदार्थ हवाबंद डब्यात भरला असेल, तर बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू नष्ट करण्यासाठी डब्याच्या मध्यभागी सुमारे 121 अंशांची उष्णता ठरलेला वेळ मिळाली की नाही, हे तापमानाच्या आलेखावरून पटवून घ्यावे लागते. आलेखात खंड दिसला तर माल रोखायचा, मग बाहेर गाडी भरणीसाठी उभी असली तरीही. उत्पादन विभागाचा रोष पत्करून पुराव्यासह लेखी नकार देता येणे हे या कामाचे मर्म आहे, आणि खाणाऱ्याची सुरक्षितता त्यावरच अवलंबून असल्यामुळे मी ते या उद्योगातले सर्वांत जबाबदारीचे काम मानतो. ज्यांना कागदपत्रांचा कंटाळा आहे किंवा वाद नकोसा वाटतो, त्यांनी मात्र इकडे वळू नये.

नव्या पदार्थांच्या विकासात निर्णयाला महिने मिळतात. चवीतला फरक ओळखू येतो का, हे पाहण्यासाठी दोन सारखे आणि एक वेगळा असे तीन नमुने देतात. नुसत्या अंदाजानेही तिघांत एक उत्तर बरोबर येत असल्याने निष्कर्षाला संख्याशास्त्राचा आधार लागतो. लहान भांड्यात जमलेली कृती मोठ्या टाकीत तशीच उतरत नाही, कारण उष्णता आत पोहोचायला वेळ लागतो आणि ढवळण्याने फळांचे तुकडे मोडतात. काम आकर्षक आहे, पण जागा कमी असतात, अनेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मागतात, आणि महिनोन्‌महिने घडवलेला पदार्थ बाजारात न येण्याची तयारी ठेवावी लागते. थेट या विभागात जाण्यापेक्षा आधी दोन-एक वर्षे उत्पादनात किंवा गुणवत्तेत काढावीत, असे मी सुचवेन. यंत्राला काय झेपते हे ठाऊक नसलेल्याची कृती कागदावरच अडते.

यंत्र किंवा विद्युत अभियंत्यांसाठी देखभाल विभाग आहेच, आणि तिथले कौशल्य इतर उद्योगांतही चालते.

खाद्य की पेय, हा प्रश्न त्यामानाने दुय्यम आहे. बहुतेक शीतपेये आम्ल असतात, घटक मोजके असतात आणि बाटल्या अतिवेगाने भरल्या जातात, त्यामुळे तिथे यंत्रांचे ज्ञान अधिक पक्के होते. विविध खाद्यपदार्थ एकाच लाइनवर बनवणाऱ्या कारखान्यात घटक बरेच असल्याने ॲलर्जी आणणाऱ्या घटकांचे नियोजन शिकायला मिळते: शेंगदाण्याचा पदार्थ शेवटी घ्यायचा आणि त्यानंतर लाइन पूर्ण धुऊन तपासायची.

कोणताही विभाग निवडला, तरी मुलाखतीत एक प्रश्न अवश्य विचारावा: रात्रपाळीत शंकास्पद माल रोखण्याचा अधिकार कोणाकडे असतो? हजर असलेल्या गुणवत्ता अधिकाऱ्याकडे, असे उत्तर आले तर तिथे तिन्ही विभागांत काम नीट शिकता येण्याची शक्यता अधिक. सकाळी वरिष्ठ येईपर्यंत लाइन चालूच ठेवतात असे कळले, तर पगार चांगला असला तरी दुसरा कारखाना पाहावा.