तरवडाची रोपं मिळणारी रोपवाटिका, लातूर

अंगणात लावायला तरवड मागितला की बहुतेक नर्सरीवाले हसतात. माळावर फुकट उगवतो, विकत कोण घेणार? औसा रस्त्याकडच्या या छोट्या रोपवाटिकेत मात्र तरवडाचा वाफाच आहे, शेजारी धायटी, निरगुडी, कोरांटी. तरवडाचं रोप ४० रुपयांना.

मागे दुसऱ्या एका ठिकाणी मला तरवड म्हणून शोभेचा कॅशिया दिला होता. फूल तेही पिवळंच, त्यामुळे पटकन कळत नाही. खूण पानाच्या देठाच्या बुडाशी असते, तिथे कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर पानं दिसली पाहिजेत. इथल्या मालकांनी ती न विचारता दाखवली. बी जवळच्या माळावरचं. कवच टणक असतं म्हणून गरम पाणी ओतून रात्रभर भिजवतात, मग पेरतात. पिशव्या मुद्दाम उंच वापरतात, कारण तरवडाची मुळी सरळ खाली जाते आणि आखूड पिशवीत तिचं वेटोळं होतं. लावताना पिशवी फाडली, मुळी अगदी सरळ होती. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हा इथेच जाईन.

आमची काळी माती पाणी धरून ठेवते आणि तरवडाला साचलेलं पाणी सोसत नाही. खड्ड्यात मुरूम मिसळा, रोप जरा उंचावर लावा, हे त्यांनीच सांगितलं. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घातलं, आता घालत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या आपल्या शहरात लॉनवर रोज पाइप सोडलेला मला बघवत नाही. मोकाट जनावरंही याला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे कुंपणाबाहेरसुद्धा बिनघोर लावता येतो.

पाऊस उघडला की झाड पिवळंधमक होतं. फुलात मध नसतो, काळे भुंगे येतात ते परागासाठी. फुलाला घट्ट धरून जोरात गुणगुणतात, फूल थरथरतं आणि पराग त्यांच्या पोटावर सांडतो. घटाच्या माळेला फुलं आता घरचीच.

तक्रार दोनच. रोपांवर नावाच्या चिठ्ठ्या नाहीत, आणि न्यायला खोकं देत नाहीत. माझ्या एका रोपाचा शेंडा गाडीतच मोडला.

माझ्यासमोर एका ताईंनी तरवडावरच्या हिरव्या अळ्यांसाठी औषध मागितलं. मालकांनी दिलं नाही. "त्याची फुलपाखरं होतात, पानं परत येतील," म्हणाले. रोपं घ्यायची तर पहिला चांगला पाऊस झाला की जा, नवरात्रापर्यंत शिल्लक राहत नाहीत.