हंपीला जाताना मुक्काम कुठे करावा: कमलापूर की आनेगुंदी?

विजयनगरच्या राजधानीचे अवशेष तुंगभद्रेच्या दोन्ही तीरांवर पसरलेले आहेत. दक्षिणेला विरूपाक्ष आणि विठ्ठल मंदिरांची हंपी आहे, तर उत्तरेला तिच्याहून जुनी, तटबंदीच्या आत आजही नांदती असलेली आनेगुंदी. दोन्ही गावे पाहावीत याविषयी दुमत नाही. प्रश्न असतो तो मुक्कामाचा, कारण नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारी ही गावे नदीने तोडली आहेत. नावा सुरू असतील तर काही मिनिटांत पैलतीर गाठता येते. पण त्या संध्याकाळी बंद होतात आणि पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की चालतच नाहीत. मग बुक्कसागर-कडेबागिलू पुलावरून मोठा वळसा घ्यावा लागतो. म्हणून सोबत कोण आहे आणि ऋतू कोणता आहे, या दोन गोष्टींवरच हा निर्णय व्हावा.

पहिलीच खेप असेल आणि बरोबर वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील, तर दक्षिण तीरावरचे, हंपीजवळचे कमलापूर निःसंशय सोयीचे. कोल्हापूर-मिरजेकडून हरिप्रिया एक्सप्रेसने येणारा प्रवासी होसपेटला उतरतो आणि तिथून कमलापूर रिक्षाने किंवा बसने सहज गाठता येते. कर्नाटक पर्यटन महामंडळाचे निवासस्थान इथेच आहे. पुरातत्त्व खात्याचे संग्रहालयही इथेच असून त्यात संपूर्ण हंपीची मोठी प्रतिकृती मांडलेली आहे. माझा आग्रह असा की, अवशेष पाहण्याआधी घरच्यांना ती प्रतिकृती दाखवावी, कारण डोंगर, नदी आणि पेठा यांचा मेळ एकदा डोळ्यांत बसला की दिवसभराची पायपीट समजून होते. संग्रहालय शुक्रवारी बंद असते. विठ्ठल मंदिराचे तिकीट त्याच दिवशी कमलमहाल व हत्तीशाळेच्या आवारात आणि संग्रहालयातही चालते, त्यामुळे ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात बसवावीत.

विठ्ठल मंदिराजवळ गाडी नेता येत नाही. वाहनतळापासून सुमारे एक किलोमीटर बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या असून त्यातील बऱ्याच गाड्या गावातल्या महिला चालवतात. सुट्टीच्या दिवशी रांग लांबते आणि बारानंतर दगड तापतात, म्हणून इथे सकाळी दार उघडतानाच पोहोचावे. मराठी माणसाला या मंदिरात थोडे अधिक थांबावेसे वाटते, कारण पंढरपूरची मूर्ती कृष्णदेवरायाने इथे आणली आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी ती परत नेली, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. दुपारनंतर मुलांना दरोजीच्या अस्वल अभयारण्यात नेता येते. मनोऱ्यावरून अस्वले खडकांवर उतरताना दिसतात, आणि तो फेरफटकाही दक्षिण तीरावरूनच सोपा आहे.

आनेगुंदीचा आनंद निराळा आहे आणि तो घाईत मिळत नाही. भातखाचरे, केळीच्या बागा, गगनमहाल, केळीच्या सोपटापासून वस्तू विणणाऱ्या बायका, हे सारे सायकलवरून किंवा पायी फिरताना कळते. किष्किंधा ट्रस्टने गावातली जुनी घरे आणि हस्तकला टिकवण्याचे काम मनापासून केले असल्याने इथला मुक्काम गावाच्या चौकटीत राहतो. अंजनाद्री हे हनुमानाचे जन्मस्थान मानले जाते. तिथे जाण्यासाठी सुमारे 575 पायऱ्या चढाव्या लागतात आणि गुडघे दुखणाऱ्यांनी त्या नादाला न लागणेच बरे. सानापूरच्या जलाशयात टोपलीसारख्या गोल नावेतून फेरी मारता येते. नावाडी ती गरागरा फिरवून दाखवतात. लाइफ जॅकेट मागून घ्यावे. नदीत मात्र पोहायला उतरू नये, कारण खडकांमधले भोवरे वरून दिसत नाहीत आणि मगरीही आहेत.

मार्च 2025 मध्ये सानापूरजवळच्या कालव्याकाठी रात्री बसलेल्या पर्यटकांवर अत्यंत निर्घृण हल्ला झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. म्हणून या बाजूला राहणाऱ्यांनी अंधार पडल्यावर निर्जन जागी जाऊ नये, आणि यजमानांनी नेतो म्हटले तरी नकार द्यावा. हंपीसमोर नदीपलीकडे असलेल्या विरूपापूर गड्डीतली अतिथिगृहे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर 2020 मध्ये पाडली गेली, तरी जुन्या प्रवासवर्णनांत त्यांची शिफारस अजून सापडते. खोली परवानाधारक आहे ना, हे आगाऊ पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे.

जेवणाचा फरक थोडक्यात सांगतो. हंपी गावात देवस्थानामुळे मांसाहार व मद्य मिळत नाही. ते हवे असणाऱ्यांना होसपेट बरे पडते. स्वच्छतागृहे दक्षिणेला तिकिटाच्या जागांजवळ आहेत, आनेगुंदीत ती मुक्कामाच्या ठिकाणावरच धरून चालावीत.

दोनच रात्री हाताशी असतील तर दोन्ही कमलापुरात काढाव्यात आणि आनेगुंदी एका सकाळी नावेने पाहून यावी. तीन किंवा अधिक रात्री असतील, माणसे चालणारी असतील आणि महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारीपैकी असेल, तर पहिल्या दोन रात्री कमलापुरात आणि उरलेल्या आनेगुंदीत, असा क्रम ठेवावा. पावसाळ्यात मात्र सामान घेऊन नदी ओलांडण्याचा बेत करू नये.