जुन्या इंजिनासाठी ऑइल सीलचा संच : सील उत्तम, संच अपुरा

मोटारसायकल जुनी झाली, की मूळ कंपनीची ऑइल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टभोवतून ऑइल गळू न देणारी रबरी कडी, हळूहळू मिळेनाशी होतात आणि पर्यायी बनावटीच्या संचावर भिस्त ठेवावी लागते. एका सिलिंडरच्या, चार स्ट्रोकच्या जुन्या इंजिनासाठी मी असाच एक संच वापरला. त्यात चार सील येतात : पुढच्या स्प्रॉकेटच्या (चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या) शाफ्टचे, किकच्या शाफ्टचे, गिअर बदलण्याच्या शाफ्टचे आणि मॅग्नेटच्या बाजूने क्रँकवर बसणारे. माझे इंजिन स्प्रॉकेटच्या मागून गळत होते, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग त्याच सीलबद्दल आहे. ते सील उत्तम आहे. संच मात्र अपुरा आहे, आणि त्यातली उणीव नेमकी अशा जागी आहे जिथे बहुतेकांची फसगत होते.

स्प्रॉकेटचे आणि मॅग्नेटचे सील फ्लोरोरबरचे, म्हणजे बाजारात व्हायटॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रबराचे आहे, तर उरलेली दोन साध्या नायट्राइल रबराची आहेत. ही विभागणी मला समंजसपणाची वाटली. नायट्राइल साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत चांगले काम देते, पण त्याहून जास्त सतत तापत राहिले की कडक होते आणि त्याची लिप, म्हणजे शाफ्टला टेकणारी आतली पातळ कड, शाफ्टला धरून राहत नाही. फ्लोरोरबर २०० अंशांच्या आसपासचे तापमानही सोसते. किकचा शाफ्ट केवळ इंजिन सुरू करण्यापुरता फिरतो, तेव्हा तिथे महागडे रबर घालण्यात काही हशील नाही. सील तपकिरी आहे म्हणजे ते व्हायटॉनचेच, असे मात्र समजू नये, कारण रंग कारखानदार हवा तो देऊ शकतो. पाकिटावर किंवा सीलच्या पाठीवर एफकेएम ही फ्लोरोरबरची खूण असलेली अक्षरे आहेत का, ते पाहावे.

सीलवर २०×३४×७ अशा पद्धतीचे तीन आकडे असतात : शाफ्टचा व्यास, सील ज्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, बसते त्याचा व्यास आणि सीलची जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये. व्हर्नियर लावल्यास बाहेरचा व्यास छापील आकड्याहून किंचित जास्त आणि लिपचा व्यास शाफ्टपेक्षा कमी भरतो. हा दोष नव्हे. सील बोअरमध्ये घट्ट बसावे आणि लिपने शाफ्टला आवळावे, यासाठी ही तफावत मुद्दाम ठेवलेली असते. भिंगाखाली पाहता स्प्रॉकेटच्या सीलची लिप सर्वत्र एकसारख्या धारेची दिसली, तिच्या पाठीमागची वर्तुळाकार स्प्रिंग खाचेत नीट बसलेली होती आणि बाहेरच्या अंगाला धूळ अडवणारी दुसरी, लहान लिपही होती. चेनबरोबर येणारा चिखल इथेच साचत असल्याने ही दुसरी लिप चैनीची नव्हे, गरजेची आहे.

बसवताना तक्रारीला जागा मिळाली नाही. स्प्लाइनच्या, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या दातांच्या, धारदार कडांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळली, लिपला ग्रीस लावले, कारण कोरडी लिप इंजिन सुरू होताच जळू लागते, स्प्रिंगची बाजू ऑइलकडे ठेवली आणि सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या मापाची पान्याची गोटी (सॉकेट) टेकवून हलक्या हाताने ठोकत ते सरळ आत नेले. बाहेरच्या रबरी आवरणाने बोअर असे धरले, की सीलंटची गरजच पडली नाही. काही इंजिनांत मात्र सीलच्या आतल्या अंगाला कड असते आणि केसिंग (इंजिनाचे बाहेरचे कवच) खोलल्याशिवाय ते निघतच नाही. तशा इंजिनात बाहेरून हुक घालून ओढाताण करणे म्हणजे बोअरची नासाडी करणे होय.

जुन्या इंजिनात सीलइतकेच महत्त्व ते ज्या पृष्ठभागावर घासते त्याला आहे. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून लिप पोलादातही चर पाडते, आणि त्या चरीत नख अडकत असेल तर कितीही भारी सील आणले तरी गळती थांबत नाही. या इंजिनात लिप शाफ्टवर न घासता वेगळ्या कॉलरवर, म्हणजे शाफ्टवर चढवलेल्या धातूच्या आखूड नळीवर, घासते. तिची दोन्ही टोके सारखी असल्याने ती उलटी करून बसवता आली आणि लिपला न झिजलेला पृष्ठभाग मिळाला.

उणीव आहे ती याच कॉलरशी निगडित. कॉलर आणि शाफ्ट यांच्या मध्ये एक ओ-रिंग, म्हणजे बारीक रबरी कडी, असते. ती कडक झाली की सीलला वळसा घालून ऑइल कॉलरच्या आतून झिरपते, स्प्लाइनमधून बाहेर पडते आणि दोष मात्र सीलच्या माथी मारला जातो. संच बनवणाऱ्याला हे ठाऊक नसेल असे नाही, तरीही त्याने ही नगण्य किमतीची ओ-रिंग दिलेली नाही. गळती नेमकी कुठली, हे काम सुरू करण्यापूर्वीच पाहायचे असेल तर तो भाग रॉकेलने धुऊन कोरडा करावा, त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन थोडा वेळ चालवावे : सील व कॉलर यांच्या सांध्यात पावडर भिजली तर सील गेले आहे, स्प्लाइनपाशी भिजली तर ओ-रिंग. इंजिनाची ब्रीदर नळीही (केसिंगमधला दाब बाहेर सोडणारी) तेव्हाच साफ करून घ्यावी, कारण ती तुंबली की केसिंगमधला दाब नव्या सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो.

मॅग्नेटच्या सीलबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. ते बसले आणि कोरडे आहे. किकचे सील बोअरमध्ये थोडे सैल वाटले, पण अजून तरी गळलेले नाही. गिअर शाफ्टच्या सीलची लिप मात्र एका बाजूला चेपलेली निघाली, कारण चारही सील एकाच पातळ पिशवीत एकमेकांवर दाबून भरलेली होती. हा संच घेणाऱ्याने पिशवी दुकानातच उघडून प्रत्येक लिपवरून बोट फिरवून पाहावे, चेपलेले सील तिथेच बदलून मागावे आणि कॉलरच्या मापाची ओ-रिंग सोबत घेऊनच निघावे.