शेवग्याखालची स्ट्रॉबेरी: चिखलदऱ्याहून आणलेल्या रोपांविषयी

परसबागेतील झाडांखालची उघडी जमीन झाकली जावी आणि तिथूनच घरच्या मुलांना खायला फळही मिळावे, या हेतूने आम्ही चिखलदऱ्याकडील एका रोपवाटिकेतून स्ट्रॉबेरीची रोपे आणली. रोपे उत्तम निघाली. मुळे पांढरी व भरपूर होती, पानांवर ठिपके नव्हते आणि लावल्यानंतर मर फारच थोडी झाली. मात्र विक्रेत्याने ‘बारमाही आच्छादन’ म्हणून केलेली शिफारस चिखलदऱ्यासारख्या सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या गावाला शोभते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या आमच्या भागात या रोपाकडे ऑक्टोबर ते मार्च या काळाचे पीक म्हणूनच पाहावे.

कोणत्या झाडाखाली लावावे, हा खरा प्रश्न आहे. शेवग्याची सावली विरळ असते आणि थंडीत त्याची पाने बरीच गळतात, त्यामुळे फुलोऱ्याच्या काळात स्ट्रॉबेरीला हवे तेवढे ऊन मिळते. आवळ्याखालीही ती चांगली आली. आंब्याच्या दाट सावलीत मात्र नुसती पानेच वाढली. संत्र्याखाली ती लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आंबिया बहरासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबर-जानेवारीत संत्र्याचे पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो आणि नेमक्या त्याच वेळी उथळ मुळांच्या स्ट्रॉबेरीला थोडे थोडे पाणी सतत लागते. एकाचे भागवायला गेले की दुसऱ्याचा बहर जातो. शिवाय बुंध्याजवळ कायम ओल राहिली की खोडातून डिंक गळणाऱ्या डिंक्या रोगाला आमंत्रण मिळते, आणि मग मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावूनही झाड सावरेल याची खात्री नसते.

काळ्या जमिनीबद्दलही रोपवाटिकेने सांगायला हवे होते. स्ट्रॉबेरीला किंचित आम्ल, निचऱ्याची जमीन मानवते. आपली जमीन चुनखडीची, विम्लतेकडे, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला, झुकणारी आणि पाणी धरून ठेवणारी असते. त्यामुळे कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. बुंध्यापासून दूर, फांद्यांच्या घेराच्या कडेला, झाडाची मुळे न तोडता कुजलेल्या पालापाचोळ्याचा व शेणखताचा उंच वाफा केला आणि रोपाचा कोंब मातीत न गाडता वर ठेवला, तर हा त्रास बराच कमी होतो. वाफ्यावर सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, अंथरले की फळ मातीला टेकत नाही आणि ओलही टिकते. बुलबुलांसाठी जाळी हवीच.

फळ बाजारातल्या फळापेक्षा लहान असते, परंतु पूर्ण पिकल्यावर तोडता येत असल्यामुळे त्याची गोडी व सुवास कितीतरी सरस असतो. घरच्या घरी वाटीभर फळे मिळतात. विक्रीचा विचार कोणी करू नये.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. तालुक्याच्या ठिकाणी एका विक्रेत्याने आम्हाला याआधी स्ट्रॉबेरी म्हणून दिलेल्या वेलीला पिवळी फुले आली आणि देठावर ताठ उभी राहणारी, लालचुटुक पण बेचव फळे धरली. ती रानटी, नकली स्ट्रॉबेरी होती. ती विषारी नाही, सावलीत जमीनही छान झाकते, पण खाण्यात तिला काही अर्थ नाही. खऱ्या स्ट्रॉबेरीचे फूल पांढरे असते आणि फळ खाली झुकते, म्हणून शक्य असेल तर फुलावर आलेले रोप पाहूनच पैसे द्यावेत.

मार्चनंतर धावत्या फुटव्यांची रोपे पिशव्यांत धरून दाट सावलीत, ओलसर गोणपाटाच्या आडोशाला ठेवली तर काही उन्हाळ्यातून वाचतात. तरीही दर हिवाळ्यात थोडी नवी रोपे आणण्याची तयारी ठेवावी. शेवगा आणि आवळ्यासाठी मी ती याच रोपवाटिकेतून पुन्हा आणणार आहे.